अग्नीच्या शोधात : जोयड्याच्या डोंगरावरील एक संध्याकाळ

डोंगर आणि देव यांचे नाते फार जुने आहे. मोशेला दहा आज्ञा मिळाल्या त्या सीनाय पर्वतावर; एलिया संदेष्ट्याला परमेश्वराचा शब्द ऐकू आला तो होरेबच्या डोंगरावर; प्रभू येशूचे रूपांतर तीन शिष्यांनी पाहिले तेही उंच डोंगरावर; आणि आपल्या तारणाचा यज्ञ पुरा झाला तो कालवारीच्या टेकडीवर. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीची टेकडी चढणारा भाविक जाणूनबुजून म्हणा वा नकळत म्हणा, याच जुन्या वाटेने चालत असतो. पायथ्याशी संसार ठेवावा, वर जाऊन देवाशी दोन शब्द बोलावेत आणि पुन्हा खाली यावे, ही माणसाच्या अंतःकरणाची ओढच आहे.

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे अमेरिकेहून मुलाचे पत्र आले. तो हवाई बेटांत सहलीस गेला होता. तेथील माउई बेटावर हालेआकाला नावाचा प्रचंड ज्वालामुखी आहे. त्याची उंची ३०५५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. नावाचा अर्थ ‘सूर्याचे घर’. सध्या तो निद्रिस्त आहे. आणि सूर्य उगवताना व मावळताना पाहण्यासाठी लोक त्याच्या शिखरावर जमतात. मुलाने लिहिले होते की, ढग पायाखाली होते, सूर्य त्या ढगांत बुडाला, आणि इतका वेळ बडबडणारी शेकडो माणसे एकाएकी गप्प झाली. कोणी कोणाला गप्प राहण्यास सांगितले नव्हते. “त्या क्षणी मला आपल्या घरच्या सांजेच्या प्रार्थनेची आठवण झाली,” एवढे लिहून त्याने पत्र संपविले होते.

ते पत्र आमच्या मंडळाच्या सभेत वाचून दाखविण्यात आले, तेव्हा मुलांनी साहजिकच विचारले, “आपल्याकडे नाही का असा डोंगर?” आमच्यातील एक तरुण लगेच उठला. त्याने प्रवाशांसाठी छापलेली माहितीपत्रके जमविली होती. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात दांडेलीच्या अरण्यात कवळा नावाच्या गुहा आहेत, आणि त्या पूर्वी कधीतरी ज्वालामुखीच्या प्रकोपाने घडल्या असे त्यांपैकी एका पत्रकात म्हटले होते. झाले! ज्वालामुखी आमच्या दाराशीच निघाला. आमचे फादर हसून म्हणाले, “चला, पाहून तर येऊ. पण शोधायला जातो ते सापडेलच असे नाही, हे आधीच ध्यानात ठेवा.”

अशा रीतीने तीन राजांच्या सणानंतरच्या शुक्रवारी पहाटे मिस्सा ऐकून आम्ही अठराजण बेळगावहून निघालो. सोबत तरुण होते, दोन शाळाशिक्षक होते, आणि सर्वांत वडील अशा एक मावशी होत्या. त्या कोणाच्या मावशी हे आता कोणी विचारीत नाही. त्या साऱ्या धर्मग्रामाच्याच मावशी आहेत. वयाची पासष्टी उलटलेली, गुडघे दुखरे. तरी यायचेच म्हणून हटून बसल्या. कारण विचारले तर एवढेच म्हणाल्या, “माझे माहेर त्या बाजूचे आहे.”

बेळगावच्या परिसरात दख्खनच्या काळ्या खडकाचा दक्षिणेकडील काठ येतो, हे भूगोल शिकविणाऱ्या आमच्या गुरुजींनी गाडी सुटताच सांगून टाकले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोटच्या लोट वाहिले, थरावर थर साचत गेले, आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी त्या थरांखाली आहे. आपली सह्याद्रीची शिखरे, गडकिल्ल्यांचे कडे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी, सारे त्याच थंड झालेल्या अग्नीचे आहे. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर उभा राहणारा मनुष्य लाव्हाच्या थरांवरच उभा असतो. फक्त ते त्याच्या मनात येत नाही. “मग आपण उलट्या दिशेने का चाललो आहोत?” एका मुलीने विचारले. गुरुजी क्षणभर गोंधळले आणि मग सगळेच हसले. खरोखरच आम्ही त्या काळ्या खडकाच्या प्रदेशातून बाहेर पडत होतो.

खानापूर मागे पडले, लोंढा आले, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडी दाटू लागली. रामनगरला चहा घेऊन आम्ही जगलबेटच्या वाटेने गणेशगुडीकडे वळलो. येथेच काळी नदीवर सुप्याचे धरण आहे.

काळी नदी ही या तालुक्याची लेक. ती येथेच डिग्गीजवळ उगम पावते, सुमारे १८४ किलोमीटर वाहते आणि कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. एवढ्याशा वाटचालीत तिला किती बंधारे ओलांडावे लागतात! सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा. त्यांत सुप्याची भिंत सर्वांत उंच, १०१ मीटर. १९८७ मध्ये हे धरण पुरे झाले. नदीच्या पाण्यावर वीज निघते, गावोगाव दिवे लागतात, कारखाने चालतात. या उपकाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; आमच्या घरीही दिवा त्यानेच लागत असेल.

परंतु त्या पाण्याखाली एक गाव आहे. सुपा हे एके काळी तालुक्याचे ठाणे होते. तालुक्यालाही त्याचेच नाव होते. बाजार, कचेरी, शाळा, घरे, अंगणे, विहिरी, सर्व होते. पाणी चढू लागले तशी माणसे उठली. कोणी रामनगरला वसली, कोणी आणखी दूर गेली. ठाणे जोयड्यास हलले, आणि नकाशावरील नावही त्याच्यामागून गेले.

गाडी थांबली. दूरवर निळे, स्तब्ध पाणी पसरले होते. त्यावर एक बगळा संथपणे चालला होता. मुले छायाचित्रे घेऊ लागली. मावशी मात्र खिडकीतून उतरेनात. फादर जवळ गेले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाल्या, “फादर, माझे माहेर तेथे आहे. लग्न होऊन मी बेळगावला गेले आणि दोन-तीन वर्षांत आईबापांनी घर सोडले. त्यानंतर मी या बाजूला आलेच नाही. आज आले, पण पाहावत नाही.”

कोणीच काही बोलले नाही. फादरांनीही उपदेश केला नाही. ते तिच्याशेजारी बाकावर बसून राहिले, आणि थोड्या वेळाने चालकाला म्हणाले, “चला, बाबा.”

त्या रात्री आमचा मुक्काम दांडेलीस होता. जेवणे आटोपल्यावर शेकोटीभोवती बसलो असता मुलांनी पुन्हा ज्वालामुखीचा विषय काढला. तेव्हा फादरांनी मेक्सिको देशातील एक खरी हकीकत सांगितली.

१९४३ सालच्या २० फेब्रुवारीस मिचोआकान प्रांतात दिओनिसियो पुलिदो नावाचा शेतकरी आपल्या मक्याच्या शेतात काम करीत होता. एकाएकी जमिनीला भेग पडली, धूर निघाला, गंधकाचा वास सुटला आणि राख उडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेतात एक टेकडी उभी होती. वर्षाच्या आत तिची उंची ३०० मीटरांच्या वर गेली. शेतातील नांगरलेल्या जमिनीतून एका शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत ज्वालामुखी जन्मास येतो, असा प्रसंग जगाच्या इतिहासात क्वचितच नोंदला गेला असेल. पारिकुतिन हे त्याचे नाव. तो नऊ वर्षे धुमसत राहून १९५२ मध्ये शांत झाला. त्याच्या लाव्हाने दोन गावे गिळली. त्यांपैकी सान हुआन पारांगारिकुतिरो हे मोठे गाव. लाव्हा पायी चालणाऱ्या माणसाहूनही मंद गतीने येत होता, म्हणून लोकांना निघण्यास अवधी मिळाला. त्या गावच्या देवळात क्रुसावरील प्रभूची एक मूर्ती होती. ‘चमत्कारांचा प्रभू’ या नावाने सारा मुलूख तिला भजत असे. १९४४ साली गावकऱ्यांनी ती मूर्ती खांद्यावर घेतली आणि मिरवणुकीने, गात व रडत, ते नव्या जागी चालत गेले. तेथे त्यांनी नवे सान हुआन वसविले.

“आणि जुने देऊळ?” एका मुलाने विचारले.

“लाव्हाने त्याला चहूंकडून वेढले, परंतु एक मनोरा आणि वेदी तेवढी राहिली. आजही काळ्या दगडांच्या समुद्रातून तो मनोरा वर आलेला दिसतो. लोक दगडांवरून चढत वेदीपर्यंत जातात, फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात.”

इतका वेळ मावशी पदर डोक्यावर ओढून गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्यांचा मनोरा तरी दिसतो, फादर. आगीने मनोरा ठेवला. पाण्याने आमचे काही ठेवले नाही.”

या बोलण्याला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. शेकोटीत एक लाकूड ढासळले, ठिणग्या उडाल्या. फादर एवढेच म्हणाले, “खरे आहे, मावशी. ते ओझे तुम्ही इतकी वर्षे एकट्याने वाहिलेत. उद्या ते आम्हांलाही थोडे वाहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही फणसोलीच्या बाजूने अरण्यात शिरलो. हे सारे जंगल आता काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. २००७ साली दांडेली व अणशी मिळून हा प्रकल्प जाहीर झाला, आणि २०१५ मध्ये त्याला नदीचे नाव मिळाले. साग, ऐन, बांबूची बेटे; मध्येच धनेश पक्ष्याच्या पंखांचा, सुपाने वारा घालावा तसा आवाज. आमचा वाटाड्या कुणबी समाजातला होता. जोयड्याचे कुणबी हे या रानाचे जुने रहिवासी. डोंगरउतारावर भात पिकवावे, परसात नाना जातींचे कंद लावावेत, रानातला मध काढावा, असा त्यांचा संसार. त्यांच्या कंदांचा मेळा जोयड्यास दरवर्षी भरतो, आणि हाताएवढाले कंद पाहून शहरातील माणसे थक्क होतात.

मावशींनी त्याला विचारले, “दादा, तुमची वाडी आतच आहे ना अजून?”

तो म्हणाला, “आहे, आई. काही घरे पैसे घेऊन बाहेर गेली. आम्हांलाही विचारतात. बघू.”

मावशी थोडा वेळ चालल्या आणि मग म्हणाल्या, “जायची वेळ आलीच, तर अंगणातली मूठभर माती बांधून घे. आमच्या घरी कोणाला सुचले नाही.” तो थांबला, त्यांच्याकडे पाहिले आणि मान हलविली. त्या दोघांत जे समजायचे ते समजले. आम्ही मागून चालणारे केवळ साक्षी.

गुहेकडे जाण्यास तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. पुढे तोंडाशी वाकावे लागते आणि काही अंतर अक्षरशः रांगावे लागते. गर्विष्ठ मनुष्यासाठी ही वाट नव्हे. मावशी तोंडापाशीच बसल्या. आम्ही दिव्याच्या उजेडात आत गेलो. वटवाघळांचा उग्र दर्प, पायाखाली ओल आणि भोवती असा अंधार की, हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसू नये. आतमध्ये दगडाचा एक स्तंभ जमिनीतून वर आला आहे. हिंदू बांधव त्याला शिवलिंग मानून पूजतात, आणि महाशिवरात्रीस येथे भाविकांची रीघ लागते. पूजेची वाळलेली फुले तेथे पडली होती. दुसऱ्याच्या श्रद्धेचे ते स्थान. आम्ही पादत्राणे बाहेरच काढली होती व आवाजही खाली ठेवला होता.

येथे आमच्या गुरुजींनी ज्वालामुखीचा निकाल लावला. त्यांनी भिंतीवर दिवा धरला व म्हणाले, “मुलांनो, पत्रकात काहीही लिहिलेले असो, ही आगीची करणी नव्हे. हा चुनखडीचा दगड आहे.” मग त्यांनी समजावून सांगितले. पावसाचे पाणी हवेतून आणि कुजलेल्या पाचोळ्यातून झिरपताना सौम्य आंबट होते. असे पाणी चुनखडीच्या फटींत शिरले म्हणजे दगड हळूहळू विरघळू लागतो. फटीची भेग होते, भेगेची पोकळी, पोकळीची गुहा. आणि हेच पाणी छतातून थेंबथेंब गळते तेव्हा बरोबर आणलेल्या चुन्याचा लेश मागे ठेवून जाते. छतापासून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ. जमिनीवरून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. त्यांची वाढ फार मंद असते. कोठे कमी, कोठे अधिक. तरी साधारणपणे वर्षाकाठी मिलिमीटरचा दहावा भाग धरावा.

“म्हणजे प्रभू येशूच्या जन्मापासून आजवर किती?” त्याच मुलीने विचारले.

गुरुजींनी मनात हिशेब केला आणि आपला पंजा पसरला. “वीतभर. फार तर वीतभर.”

त्यानंतर आम्ही सर्व दिवे मालविले. अंधारात सारेजण उभे राहिलो. प्रथम काहीच ऐकू येईना. मग आपलाच श्वास. आणि मग कोठेतरी दूर, खोलवर, टप् असा एक थेंब. बराच वेळ गेला. पुन्हा एक. आमच्यातील लहानात लहान मुलगाही हलला नाही. हवाई बेटातील त्या शिखरावर शेकडो माणसे का गप्प झाली असतील, ते आम्हांला त्या जमिनीखालच्या अंधारात उमगले.

बाहेर आलो तेव्हा उन्हाने डोळे दिपले. ज्वालामुखी आणणारा आमचा तरुण जरा ओशाळला होता. “फादर, आपण आग शोधायला आलो आणि पाणी सापडले,” तो म्हणाला. मावशींनी ते ऐकले. त्यांनी विचारले, “आत काय होते?” मुलीने त्यांना थेंबाची व वितीची गोष्ट सांगितली. मावशी खूप वेळ विचारात पडल्या, आणि मग आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “म्हणजे हे पाणी घरे बांधतेही.”

दुपारी जोयडा गाठले व तेथून कुंभारवाड्यावरून अणशीकडे निघालो. सूर्यास्त पाहण्याचे ठरले होते ते अणशी घाटाच्या माथ्यावर. जोयडा तालुक्याचे पठार तेथे संपते आणि रस्ता वळणे घेत कद्र्याकडे, कारवारकडे उतरू लागतो. घाटाच्या एका रुंद वळणावर गाडी थांबली. पश्चिमेकडे डोंगरामागे डोंगर, हिरव्यातून निळा आणि निळ्यातून राखी होत गेलेले. आणि त्यांच्या पलीकडे, जेथे समुद्र असला पाहिजे, तेथे केवळ प्रकाश.

उन्हे कलली होती. बसल्या बसल्या गुरुजींनी आपल्या भूगोलाचा शेवटचा धडा दिला. शिमोग्यापासून गोव्यापर्यंत अतिप्राचीन खडकांचा एक पट्टा पसरला आहे, आणि जोयड्याचे डोंगर त्या पट्ट्यातच येतात. वय म्हणाल तर अडीचशे कोटी वर्षांहूनही अधिक; दख्खनचा काळा खडक त्यांच्यापुढे कालचे पोर. या पट्ट्यातील काही थर मूळचे लाव्हाचेच आहेत. परंतु पृथ्वीच्या पोटात दाबले जाऊन, तापून, वळून ते इतके बदलले की, त्यांची मूळची ओळख जाणत्यालाच पटावी. “तेव्हा ज्वालामुखी येथे नाही असे नव्हे,” गुरुजी म्हणाले, “त्याचे मुख नाही, शिखर नाही, धूर नाही. तो जमीन होऊन गेला आहे. त्याच्यावर माती बसली, मातीत झाडे आली, आणि झाडांच्या सावलीत नदी जन्मली.”

तेव्हा फादरांनी आपले पवित्र शास्त्र उघडले. राजांच्या पहिल्या पुस्तकातील १९ व्या अध्यायातील एलियाची कथा त्यांनी वाचली. वाचकांस ती ठाऊक आहेच. राणी ईजबेलच्या भयाने पळालेला संदेष्टा रानातील झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला भाकर व पाणी देतो. चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून तो होरेबास पोहोचतो आणि गुहेत रात्र काढतो. मग डोंगर फोडणारा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो. परंतु त्यांपैकी एकातही परमेश्वर नसतो. अग्नीनंतर येतो तो एक अतिशय मंद, कोमल स्वर. तो ऐकताच एलिया आपल्या झग्याने तोंड झाकून घेतो आणि गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.

पुस्तक मिटून फादर म्हणाले, “त्याच देवाने सीनायवर मोशेला धुरात आणि अग्नीत दर्शन दिले होते. तेव्हा देव अग्नीत येतच नाही असे कोणी म्हणू नये. पण माणूस थकलेला असला, त्याचे सर्व काही गेलेले असले, म्हणजे देव त्याच्याशी मोठ्याने बोलत नाही. आज सकाळी अंधारात आपण जो थेंब ऐकला, तो विसरू नका. आपल्या जीवनातही देव बहुधा तसाच काम करतो. एक दिवस, एक प्रार्थना, एक लहानसा उपकार. वर्षाकाठी दिसण्याजोगे काही घडत नाही. पण तो थांबतही नाही.”

मग ते मावशींकडे वळले. “मावशी, आजची जपमाळ तुम्ही सुरू करा.”

सूर्य आता डोंगराच्या कडेला टेकला होता. मावशींनी क्रूस केला, पहिल्या प्रार्थना झाल्या, आणि पहिल्या मण्याशी त्या अडखळल्या. आम्हांस वाटले, त्यांना गहिवरून आले. परंतु त्यांनी एक नाव घेतले. आडनाव होते ते, सुप्यातील एका घराचे. “यांच्या घरासाठी,” त्या म्हणाल्या, आणि नमो मरिया सुरू केली. दुसऱ्या मण्याला दुसरे घर. तिसऱ्याला तिसरे. बाजाराच्या रांगेतील घरे, मग नदीकडे उतरणाऱ्या वाटेवरील घरे. ख्रिस्ती घरे होती, हिंदू घरे होती, मुसलमान घरे होती. एका मण्याला त्या म्हणाल्या, “विहिरीजवळच्या त्या म्हातारीसाठी. नाव आठवत नाही. देवाला ठाऊक आहे.” पाण्याखालचे सारे गाव त्या सांजवेळी एका जपमाळेच्या मण्यांवर वर आले. शेवटच्या मण्याला त्यांनी आपल्या वडिलांचे नाव घेतले.

आम्ही उत्तर देत होतो, पण आमचा कंठ दाटून आला होता. आमचा कुणबी वाटाड्या कारवारला जायचे म्हणून आमच्याच गाडीत आला होता. तो जरा दूर उभा होता. त्यानेही डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले होते.

जपमाळ संपली तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. सूर्य कधी बुडाला ते आमच्यापैकी बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. ज्यासाठी एवढ्या दूर आलो, तो क्षण आमच्या पाठीमागे निघून गेला होता. कारण आम्ही सारे मावशींकडे पाहत होतो. पश्चिमेस तांबूस उजेड राहिला होता, शेकोटी विझल्यावर निखारे राहतात तसा. फादरांनी आंजेलुसची प्रार्थना म्हटली. खाली दरीत अंधार भरत होता.

निघताना मावशींनी रस्त्याकडेची चिमूटभर तांबडी माती उचलली आणि पदराच्या टोकास गाठ मारली. “सुप्याची नव्हे,” त्या म्हणाल्या, “पण याच डोंगराची आहे. नदीही याच डोंगरांची.” परतीच्या वाटेवर रात्री गणेशगुडीपाशी गाडी पुन्हा आली. यावेळी त्यांनीच थांबवायला सांगितले. त्या खाली उतरल्या, मुलीचा हात धरून दोन पावले गेल्या, आणि चांदण्यात चकाकणाऱ्या त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. गाडीत परत बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांना झोप लागली.

वाचकहो, आम्ही ज्वालामुखीच्या शिखरावरील सूर्यास्त पाहण्यास गेलो होतो. ज्वालामुखीचे मुख सापडले नाही. शिखराऐवजी एक घाटाचे वळण मिळाले. आणि सूर्यास्तही नीट पाहिला नाही. तरी रिकाम्या हातांनी आलो असे आम्हांस वाटत नाही. एलियाला होरेबाच्या माथ्यावर राहू दिले नव्हते, हे त्या कथेत पुढे लिहिलेले आहे. मंद स्वर ऐकविल्यानंतर देवाने त्याला आल्या वाटेने परत, कामाला पाठविले. आम्हीही रविवारच्या मिस्सेला आपल्या देवळात हजर होतो. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी त्या ज्वालामुखीवाल्या तरुणाने, कोणी न सांगता, उठून प्रार्थना केली: ज्यांची गावे पाण्याखाली गेली, आगीखाली गेली, वा जी माणसे आज आपले अंगण सोडण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी.

मावशी पहिल्या बाकावर होत्या. पदराची गाठ अजून सुटलेली नव्हती.